सपाट चमचा

शमीम मॅडमच्या टेबलावर एक्स-रेच्या जुन्या फिल्मची, दोन बोटं रुंद कापलेली एक पट्टी कायम पडलेली असायची. कोणाच्या तरी बरगडीची सावली तिच्यावर अजून दिसायची. समोर बसलेल्या आईच्या हातात त्या चमचा द्यायच्या, तिळाच्या कुटाने भरायला सांगायच्या, आणि आईने घरच्या सवयीने शीग लावून भरला की ती पट्टी चमच्यावरून सर्रकन फिरवायच्या. वरचा ढीग ताटलीत पडायचा.

"सपाट," त्या म्हणायच्या. "शिगेचा चमचा पाहुण्याले. आपल्या लेकराले सपाट."

हे मी रोज ऐकत होतो, कारण माझी खोली आणि त्यांची खोली मुळात एकच होती. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी समाजसेवा अधीक्षक होतो. नाव वजनदार, काम म्हणजे नातेवाइकांना कोणता कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगणं. शमीम मॅडम आहारतज्ज्ञ होत्या. पार्टिशनवरून त्यांचा आवाज आणि तेलाचा वास दिवसभर माझ्याकडे यायचा. एकदा घरी बायको चहात साखर टाकत होती, तेव्हा माझ्याही तोंडून "सपाट" निघून गेलं आणि पुढचे दोन दिवस मला चहा अगदीच बेताचा मिळाला.

बांध्याने त्या बुटक्या. ओढणी खांद्याला पिनेने पक्की लावलेली, वरून पांढरा कोट, आणि कोटाच्या उजव्या खिशावर तेलाचा डाग. कोट धुतला तरी डाग तिथेच. त्यांच्या वडिलांचं लोहाऱ्याला गॅरेज होतं आणि डाग आमच्या खानदानात वारशाने येतात, असं त्या हसून सांगायच्या.

दवाखान्यात आहारतज्ज्ञांची पदं दोन. एक भरलेलं, म्हणजे शमीम मॅडम. दुसरं रिकामं, आणि मी निवृत्त होईपर्यंत रिकामंच. सकाळी स्वयंपाकघरात दूध बघणं, पाव मोजून घेणं, सगळ्या वॉर्डांचे जेवणाचे तक्ते काढणं, मधुमेहाचे रुग्ण, भाजलेले, बाळंतिणी, कुपोषित पोरांचा वॉर्ड, हे सगळं एकटीने. एवढं करून उरलेल्या वेळात, जो उरत नसेच, त्या झटक्यांची पोरं सांभाळायच्या.

फिट येणारी काही पोरं अशी असतात की दोन-दोन, तीन-तीन औषधं देऊनही फिट थांबत नाही. अशांसाठी एक आहार असतो. भाकरी, भात, साखर, गूळ जवळजवळ बंद. तेल, तूप, लोणी, मलई हेच मुख्य जेवण. नागपूरहून महिन्यातून एकदा मेंदूचे डॉक्टर यायचे आणि केसपेपरवर एक ओळ लिहायचे, "किटोजेनिक आहार सुरू करावा." ती ओळ लिहायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात त्यांचं काम संपायचं, आणि शमीम मॅडमचं तिथून सुरू व्हायचं. पोराच्या वजनावरून हिशेब. प्रत्येक जेवणाचा वेगळा कागद. चार भाग तेल-तूप असेल तर बाकी सगळं मिळून एक भाग, आणि तेही ग्रॅमच्या काट्यावर. मग चार-पाच दिवस वॉर्डात ठेवून रोज लघवीची पट्टी तपासायची; पट्टी जांभळी झाली की समजायचं, शरीर तेलावर चालायला लागलं. त्यानंतरही पोराला ताप आला, दात पडला, मामाकडे लग्न निघालं, की कागद नव्याने.

आईबापांना त्या समजवायच्या ते असं: "आपलं शरीर भाकरीवर चालते. गाडी पेट्रोलवर चालते तसं. या लेकराईच्या डोक्यात त्या पेट्रोलचा भडका उडते. म्हणून आपून गाडी तेलावर चालवून राह्यलो. पण तेलावर चालवाची तं अंदाजपंचे चालत नाही. आमचे अब्बा म्हणतात, माप चुकलं का इंजन बसते."

डॉक्टर लोकांना हे उदाहरण पटायचं नाही. आयांना पटायचं, आणि स्वयंपाक आयाच करणार होत्या.

त्यांच्या दोन सवयी मला फार नंतर कळल्या. एक, जे जेवण पोराला लिहून द्यायच्या ते आधी स्वतः करून खायच्या. मलईत शिजवलेलं अंडं, तेलात निथळणारं पनीर, खोबऱ्याच्या किसात लोणी. खाऊन झालं की तोंड वाकडं करून दोन मिनिटं खिडकीत उभ्या राहायच्या. "मले गिळवत नाही ते लेकराले कशी लिहून देऊ, भाऊ?" दुसरी सवय, त्या स्वतःचा डबा खोलीत कधीच उघडायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या कोठारात, पिठाच्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. ज्या पोराची भाकर आपण बंद केली त्याला आपण भाकर खाताना दिसू नये म्हणून. मी म्हटलं, पोरं आता थोडीच आहेत इथे? त्या म्हणाल्या, "वासानं समजते त्यायले."

आणि एक नियम होता. एका वेळी सहाच पोरं.

टेबलाच्या खणात एक वही होती. पहिल्या पानावर सहा नावं, दुसऱ्या पानापासून वाट पाहणाऱ्यांची. बाहेर बसलेल्या एखाद्या आईचं रडणं पार्टिशनच्या या बाजूला मला ऐकवायचं नाही, आणि एकदा मी न राहवून बोललोच. म्हटलं, मॅडम, सहाचे सात केले तर काय आभाळ कोसळणार आहे?

त्यांनी काटा पुसता पुसता सांगितलं. पूर्वी एकदा सातवं घेतलं होतं. ढाणकीचं होतं ते पोर, बाप किराणा दुकानदार. त्या आठवड्यात स्वयंपाकघराची तपासणी होती, कुपोषणाच्या वॉर्डात दोन पोरं अत्यवस्थ होती, आणि टेबलावर सात जणांचे कागद पसरलेले. ढाणकीच्या पोराच्या कागदावर दुसऱ्याच, त्याच्या दुप्पट वजनाच्या पोराचं माप उतरवलं गेलं. बापाने इमानदारीने तेच दिलं. दोन दिवसांत पोर ओकून ओकून गळून गेलं. वाचलं, पण बापाने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

"त्याले मी स्वतः सांगतलं, चूक माही हाये म्हणून. तो काही बोलला नाही, भाऊ. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं." काटा पुन्हा पुसला. तो आधीच लख्ख होता. "सातवं घेतलं का सहाचं माप चुकते. मले माहीत हाये मी केवढी हावो ते."

त्यानंतर मी सातव्याचं नाव काढलं नाही.

काजल आली तेव्हा सहावी जागा नुकतीच रिकामी झाली होती. बोरी अरबच्या पलीकडच्या तांड्यावरची पोर. सात वर्षांची, कपाळावर एकावर एक पडलेल्या खोकांनी तिथली कातडी गाठाळ झालेली. तिला झटका असा यायचा की उभी असेल तिथून लाकडासारखी पुढे पडायची. दिवसातून कितीदा, ते आई सुमन हाताच्या बोटांवर सांगायला लागली आणि बोटं संपल्यावर थांबली. शाळेने घरी पाठवून दिलं होतं. चुलीपाशी एकटी सोडायची सोय नव्हती म्हणून सुमन तिला ओढणीने आपल्या कमरेला बांधून स्वयंपाक करायची.

पहिल्याच दिवशी आहार ऐकून सुमन म्हणाली, "भाकर नाही? मंग ते जेवण कायचं?"

"जेवणच हाये."

"पंगतीले बसून थे काय खाईन? समदे भाकर खातीन, हे पाह्यत राहीन?"

तिसऱ्या दिवशी पार्टिशनच्या पलीकडून तव्याचा चर्र आवाज आला, मग जळल्याचा वास, मग त्यांचं स्वतःशीच "याऽऽ खुदा". असं चार-पाचदा झालं. संध्याकाळच्या आत त्या एक ताटली घेऊन माझ्याकडे आल्या. तीळ, खोबरं आणि अंडं घोटून तव्यावर तेलात थापलेली, गोल, कडेला जराशी करपलेली चकती. लांबून बघितलं तर थेट ज्वारीची भाकर.

"खोटी भाकर," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवढ्या खूश होत्या तेवढं खूश मी त्यांना परत कधी पाहिलं नाही.

तांड्यावर भाकरीला बाटी म्हणतात. काजलने तुकडा तोडला, वास घेतला, आणि आईकडे बघून म्हणाली, "याडी, ई खोटी बाटी छ." पण खाल्ली. चौथ्या दिवशी पट्टी जांभळी झाली तेव्हा ती पट्टी घेऊन सगळ्या वॉर्डात नाचवत फिरली. लघवीची पट्टी आहे ती, ठेव खाली, असं सिस्टर मागून ओरडत होत्या.

घरी जाताना मॅडमने सुमनला खिशात मावेल एवढा काटा दिला, आणि काजलला एक्स-रेची पट्टी कापून दिली. सपाट करायचं काम तिचं. तिच्या पट्टीवर मनगटाची हाडं होती. आईने चमचा भरला की काजल पट्टी फिरवायची आणि विचारायची, "सपाट?" आई हो म्हणाली की मगच खायची. ज्या साली आमच्याकडे कापसाला कुणी विचारत नव्हतं त्या साली ही पोर सरकीच्या तेलावर उभी राहिली. झटके आधी कमी झाले, मग तुरळक, मग बंद. दिवाळीनंतर ती शाळेत गेली, डब्यात खोटी भाकर घेऊन. तांड्यातल्या घराघरांत मॅडमचा निरोप पोचला होता की या पोट्टीला कुणी गोळी-बिस्किट द्यायचं नाही, आणि सगळ्यांनी तो पाळला. लग्नात लाडू वाटताना लोक काजलपाशी आले की ताट पाठीमागे धरायचे, असं सुमन सांगायची.

कापसाचं त्या वर्षांत काय झालं ते मी नव्याने सांगत नाही. दवाखान्यापुरतं सांगायचं तर आवारात पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. पथकं यायची, कर्जापायी विष घेतलेल्या शेतकऱ्यांच्या वॉर्डात जायची, फोटो निघायचे, फॉर्म भरले जायचे. तिथलं दुःख मोठंच होतं. त्याच्याशी कुणाची बरोबरी करावी असं माझ्या मनात नाही. पण त्या गाड्यांतून उतरलेला एकही माणूस आमच्या पार्टिशनपर्यंत आला नाही. आला तो कागद. गावोगावी कुटुंबं काय खातात याची पाहणी करायची होती, आणि खाण्याचा विषय म्हटल्यावर आहारतज्ज्ञाचं नाव यादीत पहिलं. दोन महिने, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

त्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. मी सोबत होतो. म्हणाल्या, आठवड्यातले दोन दिवस द्या, पाहणी मी रविवार धरून पूर्ण करते.

साहेब म्हणाले, "मॅडम, सहा पोरांसाठी अख्खा जिल्हा थांबवू का?"

साहेब वाईट माणूस नव्हता. आणि त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच खरी अडचण. मॅडम उभ्या राहिल्या, ओढणीची पिन काढून परत लावली, आणि बाहेर आल्या.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक कोरी वही दिली. झटक्यांच्या पोरांचे आईबाप मंगळवारी यायचे. "भाऊ, ते जे सांगतीन ते यात लिहून घेजा. पट्टीचा रंग, वजन, झटका, ताप. मी फोन करीन. पण एक काम करजा, आपल्या मनचं काही सांगू नका. कोणी काही बी विचारलं तं म्हणजा, मॅडमले विचारून सांगतो. बस."

"एवढं काय मला कळत नाही?" मी जरा चिडूनच म्हणालो.

पहिले काही मंगळवार मी इमानेइतबारे लिहिलं. त्या एखाद्या गावच्या टेकाडावर, जिथे रेंज येईल तिथून फोन करायच्या, मी वाचून दाखवायचो, त्या माप सांगायच्या. पण दोन महिन्यांचे तीन झाले, कागदाला कागद जोडून आला. काजल सोडून बाकीच्या पाचांपैकी एका पोराचं वजन घसरलं, दुसऱ्याला ताप आला आणि कुठल्याशा दवाखान्याने गोड सिरप दिलं. रविवारी त्या एसटीने यायच्या, दुरुस्ती करायच्या आणि परत जायच्या. एकदा बोलता बोलता माझ्यासमोरच खुर्चीत डोळा लागला त्यांचा, हातात पेन तसंच.

अशाच एका मंगळवारी काजलचा बाप आला. प्रेमसिंग. डोक्याला नवा रुमाल, चेहरा उजळलेला.

"म्याडम नाही का?"

"पाहणीवर आहेत. काय ते मला सांगा, मी लिहून घेतो."

"लिव्हाचं काही नाही, साहेब. पोट्टी एकदम ठीक हाये. तिच्या मायनं नवस बोलला होता, शनिवारी तांड्यावर भोग लावून राह्यलो. म्याडमले बलावाले आलतो." दारापर्यंत जाऊन तो परत फिरला. "एक इचाराचं होतं. भोगाचा कडाव, म्हंजे शिरा, गुळाचा असते. जिच्या नावाचा भोग, तिनं पह्यला घास घ्या लागते, नाही तं भोग पुरा होत नाही. म्याडमनं तं गूळ जिभेले लावाचा नाही सांगतलं."

पेन माझ्या हातात होतं. वही पुढ्यात उघडी होती. मॅडमना विचारून सांगतो, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण मॅडम भेटणार रविवारी आणि भोग शनिवारी. फोन लागेल याचा भरवसा नाही. आणि खरं सांगायचं तर त्या उजळलेल्या चेहऱ्यावर पाणी ओतायला माझी जीभ धजली नाही. शिवाय इतके महिने पार्टिशनला कान लावून बसल्यामुळे मला वाटायला लागलं होतं की यातलं आपल्यालाही थोडंफार कळतं.

"अहो, देवाचा प्रसाद तो," मी म्हणालो. "बोटाच्या टोकावर येईल तेवढा लावा जिभेला. त्याने काय होतंय?"

"बोटभर चालते?"

"बोटभर चालतं."

वहीत मी लिहिलं, 'काजल. ठीक.'

त्या शनिवारी काय झालं ते मला नंतर सुमनने सांगितलं. कडाव झाला, भोग लागला. तांड्याच्या नायकाने पहिलं बोट काजलच्या जिभेला लावलं. मग त्याच्या हाताखालचा कारभारी उठला. मग प्रत्येक घरातला वडीलधारा. कारण पोर एकट्या प्रेमसिंगची राहिली नव्हती. तिच्यासमोर लाडवाचं ताट पाठीमागे धरणारा अख्खा तांडा होता, आणि तिच्या नवसात प्रत्येक घराचा वाटा होता. तीसेक घरांचा तांडा. काही घरांतून बायकांनीही लावलं, सुइणीनेही लावलं. दवाखान्यातल्या साहेबाने, म्हणजे मी, बोटभर सांगितलं होतं, म्हणून कोणीही बोटभराच्या वर दिलं नाही. एकानेही नियम मोडला नाही. काजल हसत होती आणि जीभ पुढे काढत होती. आठ महिन्यांनी गूळ.

रविवारी सकाळी ती अंगणात पडली. दुपारपर्यंत पुन्हा बोटं संपली.

संध्याकाळी सुमन तिला वॉर्डात घेऊन आली, तोवर मॅडम रविवारचे कागद करून परत गेल्या होत्या. मी फोन लावला. लागेपर्यंत लावत राहिलो. सगळं सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं, त्यात काही कमी केलं नाही.

"लिहून घ्या म्हटलं होतं नं, भाऊ," त्या म्हणाल्या. एवढंच. पुढे कधीही, एका शब्दाने त्यांनी हा विषय काढला नाही. ढाणकीच्या त्या बापाबद्दल त्या काय म्हणाल्या होत्या, ते मला त्या दिवसापासून नीट कळतं.

बिघडलं ते दुरुस्त होण्यासारखं होतं, यानेच जीव जास्त जळतो. पोर वॉर्डात ठेवायची, मॅडमने चार-पाच दिवस सलग जवळ राहून जेवण हळूहळू चढवायचं, पट्टी जांभळी करायची. बस. औषध नको, ऑपरेशन नको, मशीन नको. चार-पाच दिवस शमीम मॅडम हव्या होत्या.

रजा बंद होत्या. त्यांनी आजारपणाचा अर्ज टाकला आणि सोमवारी सकाळी वॉर्डात हजर झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा खोटा अर्ज केला, आणि तो करून कुठे गेल्या तर दवाखान्यात. तेही पांढरा कोट घालून! मी म्हटलं, निदान कोट तरी काढा. म्हणाल्या, "कोट नाही घातला तं लेकरं मानत नाही." तिसऱ्या दिवशी दुपारी पट्टीला जेमतेम गुलाबी झाक आली. काजलने ती उजेडात धरून बघितली. नाचली मात्र नाही. त्याच दुपारी पथकातलं कुणीतरी वॉर्डाच्या दारातून डोकावलं आणि म्हणालं, "अरे, या मॅडम तर आजारी आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीची गाडी दाराशी उभी.

सिस्टरला त्यांनी सगळं समजावून दिलं, कागदावर, मोठ्या अक्षरात. सिस्टरकडे चाळीस खाटा होत्या. सुमन मापात कुठेच चुकत नव्हती, पण ताटात काय कधी वाढवायचं ते रोज बघून ठरवायचं असतं आणि ते बघणारं कोणी नव्हतं. झाक गेली. आठवड्याने सुमन-प्रेमसिंगने पोरीला वॉर्डातून घरी नेलं. बाकीच्या पाचांपैकी दोघांनी येणं तोवर सोडलंच होतं.

मला वाटायचं, मॅडम भांडतील, राजीनामा फेकतील, निदान रडतील. तसं काही झालं नाही. त्या दर रविवारी यायच्या आणि उरलेल्यांचे कागद करायच्या. वहीच्या पहिल्या पानावरची नावं कमी होत होती आणि दुसऱ्या पानावरची वाढत होती. ती वही त्या उघडायच्या, बघायच्या आणि बंद करायच्या.

मी मॅडमना शेवटचं बघितलं तो मंगळवार होता. पाहणीचे फॉर्म जमा करायला त्या तासाभरासाठी आल्या होत्या. गाडी फाटकात सुरूच ठेवलेली, इंजिन घरघरत होतं. पुढे त्यांची त्या टोकालाच बदली झाली आणि परत आमची गाठ पडली नाही, पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं.

बाहेरच्या पायऱ्यांवर सुमन बसली होती. शेजारी काजल, कपाळाला नवी पांढरी पट्टी. सुमनने कशिदा काढलेल्या फडक्यात गुंडाळलेला काटा पुढे केला. धुऊन, पुसून आणला होता.

"म्याडम, हे ठेवा. दुसऱ्या लेकराले होईन."

"अवो, मी येतो नं परत. पुन्हा चढवू आपून."

"कधी?"

मॅडम फाटकातल्या गाडीकडे बघत राहिल्या. सुमनने त्यांची सुटका केली. "होत नाही आता आमच्यानं. तिले बी होत नाही. पडणं हायेच तं निदान भाकर खाऊन पडू दे."

काजलच्या मांडीवर फडकं होतं आणि त्यात ज्वारीची भाकर. खरी. तिने तुकडा मोडून वर मॅडमकडे धरला. "मॅडम, साची हाये ही."

ज्या बाईने पोरांच्या डोळ्यांदेखत कधी घास तोंडात घातला नव्हता, ती पायरीवर पोरीशेजारी बसली आणि भाकर चावून चावून खाऊ लागली. सुमनने साखरेची डबी आणि चमचा लेकीपुढे सरकवला. काजलने डबीत चमचा बुडवला. मग फ्रॉकच्या खिशातून एक्स-रेची ती पट्टी काढली, मनगटाची हाडं असलेली, आणि सवयीने चमच्यावरून सर्रकन फिरवली. वरची साखर डबीत पडली.

"सपाट?" तिने मॅडमना विचारलं.

गाडीवाल्याने हॉर्न दिला. मॅडमने घास गिळला. काजलच्या हातातली पट्टी हळूच काढून स्वतःच्या कोटाच्या खिशात, त्या डागामागे ठेवली.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "आता शिगेचा घे."